चहाला मार्क देण्याचा परवाना

मी लिहिणारा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना जे काही होईल त्याला मी जबाबदार नाही. आमच्या घरात छापील कागद यायचा तो भेळ किंवा शेंगदाणे बांधून. वडील लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचे. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉलेजातून बाहेर पडल्यावर आपण नेमके काय झालो हे घरच्यांना सांगता न आलेलाही मीच पहिला. तरी या अंकाच्या संपादकांनी आग्रह धरला. त्यांच्या आईंना आमच्या विभागात आराम पडला होता, त्या उपकाराची फेड ते अशी करत असावेत. वाचकांनी माझं काहीच बिघडवलेलं नाही. त्यांना हा त्रास होतो आहे त्याबद्दल क्षमा मागतो आणि भीत भीत सुरुवात करतो.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ. मराठीत सांगितल्यावर ते जास्त अवघड होतं, असा माझा अनुभव आहे. नव्वदच्या दशकात सांगलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कामाला लागलो, तेव्हा माझ्या खोलीवर 'व्यवसायोपचार विभाग' अशी पाटी लावली गेली. थोड्याच दिवसांत एक गृहस्थ आत आले. त्यांचं मार्केट यार्डाजवळ चपलांचं दुकान होतं आणि ते चालत नव्हतं. मी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं, की इथे दुकानावर उपचार होत नाहीत. एखाद्याच्या अंगावरून वारं गेलं, हातपाय लुळे पडले, तर फिजिओथेरपीवाले तो हात हलता करतात. त्या हलत्या हातानं माणूस जेवतो का, शर्टाची बटणं लावतो का, चहा करतो का, ते आम्ही बघतो, आणि येत नसेल तर पुन्हा शिकवतो.

"म्हंजे पेशंट बटणं लावतो आनि तुमी बघत बसता?"

"हो."

"आनि त्याचा पगार?"

"मिळतो."

"मग दुकान बंद करून ह्योच धंदा बघावा म्हनतो," असं म्हणून ते उठले. माझ्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन पुढे कोणीही केलं नाही.

तर, बघत बसणं. या बघण्याबद्दलच लिहायचं आहे. सुरुवातीची काही वर्षं मी बघत असे आणि अहवालात 'बरीच सुधारणा' असं लिहीत असे. सगळ्यांच्या अहवालात 'बरीच सुधारणा'. आमचे मोठे डॉक्टर त्यावर न वाचता सही करत. रुग्ण खूश, डॉक्टर खूश, ट्रस्ट खूश. कोणाची कसलीही तक्रार नव्हती. मग मोठे डॉक्टर मुंबईला एका परिषदेला जाऊन आले आणि त्यांना शास्त्राची बाधा झाली.

"जाधव," त्यांनी मला बोलावून विचारलं, "बरीच म्हणजे किती?"

"सर, पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे किती? आकडा पाहिजे. जगात सगळीकडे आता प्रमाणित चाचण्या वापरतात. पुण्यात एक कोर्स आहे, परदेशातून बाई येणार आहेत. आपल्या विभागातला सगळ्यात हुशार माणूस पाठवायचा."

विभागात मी एकटाच होतो. त्यामुळे निवड वादातीत झाली.

कोर्सला बहुतेक मुंबई-पुण्याच्या थेरपिस्ट मुली होत्या. इंग्रजी अशी बोलायच्या की मधे श्वास कधी घेतात ते कळायचं नाही. मी मागच्या बाकावर बसलो. ती जागा माझ्या सवयीची. शिकवणाऱ्या बाई उंच, पिकल्या केसांच्या, आणि सारख्या हसऱ्या. त्यांनी सांगितलेली चाचणी ऐकायला फार सोपी होती. रुग्णाला त्याच्या रोजच्या सवयीचं घरकाम करायला सांगायचं आणि तो करत असताना नुसतं बघायचं. हात पुढे कसा जातो, भांडं धरता येतं का, मधेच थबकतो का, चुकलं तर आपलं आपल्याला कळतं का, झाल्यावर आवरून ठेवतो का. अशा एकेका गोष्टीला एक ते चार मार्क. चार म्हणजे काही अडचण नाही. एक म्हणजे काम बंद पडलं, किंवा बघणाऱ्याला धावावं लागलं. बघणाऱ्यानं मदत करायची नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातात जड पातेलं असताना भिंतीसारखं उभं राहायला वेगळं शिक्षण लागतं, हे मला तेव्हा समजलं.

सराव व्हिडिओवर चालायचा. पडद्यावर एक परदेशी आजोबा आले. त्यांनी एका डब्यात पावाचे तुकडे घातले, एक दांडी खाली ओढली आणि उभे राहिले. थोड्या वेळानं खाड् असा आवाज होऊन पाव वर उडाला. मला वाटलं, यंत्र बिघडलं. आजोबांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते शांतपणे पावाला लोणी लावू लागले. धोका समोर घडूनही माणसाला त्याचा पत्ता नाही, असं पाहून मी सगळ्यात कमी मार्क दिले. बाईंनी एकेकाचे मार्क वाचून दाखवले, तेव्हा माझ्या मार्कांपाशी त्या थांबल्या.

"हे का?"

"पाव उडाला," मी म्हणालो.

वर्ग इतका हसला की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. बाई मात्र हसल्या नाहीत. एरवी सारख्या हसायच्या, तेव्हाच नेमक्या हसल्या नाहीत, हे मी विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "ज्याला कामाची सवय आहे त्यानंच ते करायचं आणि ज्याला ते काम माहीत आहे त्यानंच बघायचं, हा नियम यासाठीच आहे."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. कोर्स झाला म्हणजे तुम्ही लायक झालात असं नाही. आपापल्या गावी जा, दहा माणसांना तपासा आणि कागद आमच्याकडे पाठवा. तुमचे मार्क इतर शेकडो बघणाऱ्यांच्या मार्कांशेजारी ठेवून आमचा कॉम्प्युटर तुम्हालाच तपासेल. तुम्ही कडक आहात की मवाळ, ते तो शोधून काढेल. कडक असलात तरी चालेल, मवाळ असलात तरी चालेल. पण आज कडक आणि उद्या मवाळ, हे चालणार नाही. तसं निघालं तर नापास.

आमचे गणिताचे गुरुजी मला आठवले. त्यांचे मार्क त्यांच्या पोटावर अवलंबून असत. सकाळी तपासलेले पेपर आणि जेवणानंतर तपासलेले पेपर यांत अर्ध्या वर्गाचं नशीब पालटायचं. कॉम्प्युटरनं त्यांना एका दिवसात घरी बसवलं असतं. मी आपला माझ्या समजुतीसाठी सांगलीच्या हळद पेठेतला काटा डोळ्यांसमोर आणला. काटा थोडा जड मारत असला तर व्यापारी डोकं धरून बसत नाही. कितीनं जड मारतो ते कळलं आणि रोज तेवढाच मारत असला, म्हणजे खरं वजन काढता येतं. तसा माझ्यावर शिक्का बसायचा होता. शिक्का बसला की मी तपासलेल्या प्रत्येक माणसाचे मार्क माझा कडकपणा वजा करून पक्के होणार. तोपर्यंत सगळे आकडे कच्चे. कच्च्या आकड्यांवरून कोणाचं काही ठरवू नका, असं बाईंनी दोनदा बजावलं.

जाताना त्या मला वेगळं म्हणाल्या, "आपल्या माणसांना मार्क देताना हात सैल सुटतो. सांभाळा."

मी सांभाळायचं ठरवलं. पावावर हसलेला वर्ग अजून कानात होता.

परत आलो तर पहिला अडथळा स्वयंपाकघराचा. चाचणीला ओटा, शेगडी, चार भांडी लागणार होती. भांडारपाल माने यांच्याकडे मागणी घेऊन गेलो.

"चहाचं पातेलं? दवाखान्यात चहा करायला बंदी आहे, माहीत आहे ना?"

"माने, चहा मी नाही करणार. पेशंट करणार."

"पेशंट चहा करणार, तुम्ही बसून बघणार. आणि बिल पेशंटला?" मान्यांनी चष्मा काढला. "जाधव, तुम्ही कॉलेजात नक्की काय शिकलात हो?"

हा प्रश्न माझ्या घरचेही विचारत, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. मोठ्या डॉक्टरांनी दम दिल्यावर एक्स-रे खोलीशेजारची जागा आणि भांडी मिळाली. कॅन्टीनवाल्यानं मात्र आपल्या धंद्यावर घाला आला म्हणून ट्रस्टींकडे तक्रार केली. व्यवसायोपचार विभागानं एका चालत्या व्यवसायाला धोका पोचवला, असा तो प्रकार होता.

दुसरा अडथळा कामांचा. कोणती कामं तपासायची ती परदेशातून ठरून आलेली. पाव भाजणं, सॅलड कापणं, गालिचा यंत्रानं झाडणं. भाकरी त्यात नव्हती. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या बाईला भाकरीचे मार्क नाहीत, आणि तिनं सॅलड केलं तर आहेत. सुदैवानं चहा होता, केर काढणं होतं, कपड्यांच्या घड्या होत्या. तेवढ्यावर आमची सगळी तपासणी उभी राहिली.

माझ्या दहा जणांतले एक निवृत्त सुभेदार होते. हाताला कंप. त्यांनी अंथरूण घालायचं काम निवडलं. चादर अशी ताणली की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. मग सावधान उभे राहून म्हणाले, "बोल, पास का फेल?" मी म्हटलं, यात पास-फेल नसतं. "मग परीक्षा कसली रं ही? आमच्या पलटनीत असल्या परीक्षा घेणाऱ्याला भांडी घासाया लावत व्हते." दुसरा एक कुपवाडच्या कारखान्यातला तरुण होता. डोक्याला मार बसलेला. त्याला कपड्यांच्या घड्या दिल्या, तर पाळी सुटल्यावर त्याला न्यायला आलेले दोस्त खिडकीत लुना टेकवून ओरडू लागले, "आरं बाही आत घे! गड्या, बाही!" ती चाचणी मला पुन्हा घ्यावी लागली. मुकाट बघणं हा प्रकार आपल्या जिल्ह्यात अजून आलेला नाही.

या दहांत माण तालुक्यातल्या कोंडाबाई होत्या. हे सगळं मी ज्यांच्यासाठी लिहितो आहे, त्या याच.

कोंडाबाईंचं वय साठीच्या आसपास. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा तानाजी मुंबईत एका गोदामात कामाला, बायकोपोरांसह तिथेच एका खोलीत. कोंडाबाई गावी एकट्या राहायच्या, शेरडं राखायच्या. एका सकाळी उजव्या अंगावरून वारं गेलं. पुतण्या बापूनं जीपमध्ये घालून आमच्याकडे आणलं. दोन-तीन महिन्यांत त्या चालू लागल्या, हात बराचसा परत आला. आता घरी जायची वेळ झाली, आणि तिथे सगळं अडलं. घर कोणतं?

तानाजी माणूस वाईट नव्हता. त्यानं माझ्यासमोर आईला स्वच्छ सांगितलं, "आई, डॉक्टरांनी लिहून दिलं की तू एकटी राहू शकतीस, तर मी सोता गावाला सोडून येतो. न्हाईतर माझ्यासंगं मुंबईला. रातीत काय झालं तर कुनी बघायचं?"

"मुंबईत काय करू मी? त्या खोलीत पाय लांब केला तर शेजारनीच्या ताटात जातोय."

"मग डॉक्टरांना विचार."

कोंडाबाई माझ्याकडे वळल्या. "डाक्तर, माजी शेरडं बापूकडं हायती. त्यो त्यास्नी चारतो खरं, पर हाक मारीत न्हाई. हाक मारल्याबिगर जनावर आपलं ऱ्हात न्हाई. मला घरला जायाचंय. काय लिवायचं ते लिवा."

मोठे डॉक्टर म्हणाले, "चाचणी घे. आपल्याकडे आता शास्त्र आहे."

मी चाचणी घेतली. काम ठरलं ते एका माणसाचा चहा करायचा. तानाजीची बायको सुनंदा तेव्हा मुंबईहून आलेली, दाराशी उभी होती. मी कागद घेऊन भिंतीला टेकलो. कोंडाबाईंनी पातेलं ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"किती जनांचा?"

"मावशी, तुमच्या एकटीचाच."

"आनि तुमी?"

"मी पिणार नाही."

"आनि ही?"

"त्याही नाही."

"म्हंजे दोन मानसं दारात हुबी, आनि मी एकटी च्या पिनार? लाज हाय का न्हाई मला?" त्यांनी डाव्या हातानं तांब्या उचलून आणखी पाणी ओतलं. ठरलेलं काम मोडलं म्हणून मी मार्क कापला. उजव्या हातानं साखरेच्या डब्याचं झाकण निघेना. त्यांनी डबा पोटाशी दाबून धरला आणि डाव्या हातानं उघडला. वेळ लागला, मार्क कापला. दूध वर येऊ लागलं, तशी सुनंदा धावली.

"आत्या, ऱ्हाऊ द्या, मी बघते!"

"थांब गं! माजी परीक्षा हाय!" कोंडाबाईंनी पदरानं पातेलं उतरवलं. बाहेरचा माणूस मधे पडला म्हणून मार्क कापायचा की पदर वापरला म्हणून, या विचारात मी दोन्हीकडे कापला. चहा तीन कपांत झाला. एक थेंब सांडला नाही. त्यांनी ओटा पुसला, एक कप माझ्यासमोर धरला आणि उभ्या राहिल्या.

नियमाप्रमाणे प्यायला नको होता. मी प्यालो. आलं नव्हतं, पण चहा उत्तम होता. चवीला मार्क द्यायची सोय त्या चाचणीत नव्हती.

"काय, सोडतायसा का घरला?"

मी कच्चे मार्क मिळवून पाहिले. एकट्यानं राहायला चालेल अशी किमान मार्कांची जी ओळ कोर्सच्या बाईंनी सांगितली होती, तिच्या ते थोडे खालीच भरत होते. मी कापायला कुठेच मागे सरलो नव्हतो. सुभेदारांना कापलं, कुपवाडच्या पोराला कापलं, तसंच इथेही. माझा हात सैल नव्हता, एवढी खात्री होती. पण कडक हातानं कापलेले मार्क किती खरे, ते तो परदेशातला कॉम्प्युटरच सांगणार होता. मी मोठ्या डॉक्टरांना तसं सांगितलं.

"सर, हे कच्चे आहेत. पण माझं मत विचाराल तर बाई एकट्या राहू शकतील. मी त्यांना बघितलंय."

"जाधव, मत तर आपलं आधीही होतं," डॉक्टर म्हणाले. "बरीच सुधारणा. आता आकडा खाली आहे आणि मत वर आहे, असं मी कशावर सही करू? तुमचं सर्टिफिकेट येऊ द्या."

इतकी वर्षं न वाचता सही करणारा हा माणूस नेमका या कागदापाशी वाचायला शिकला. शास्त्राचा प्रसार असा होतो.

मी कागद परदेशी धाडले. कोंडाबाईंना दवाखान्यात ठेवून घ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. 'निकाल येईस्तवर' म्हणून तानाजी त्यांना मुंबईला घेऊन गेला. जाताना त्या माझ्या खोलीत आल्या.

"डाक्तर, माजा निकाल यायचाय?"

"तुमचा नाही मावशी. माझा यायचाय. माझा आला की तुमचा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी नापास झाला तर?"

"तर मला पुन्हा दहा माणसं तपासावी लागतील."

"आनि मी तवर मुंबईत." त्या म्हणाल्या, "झाक हाय की तुमचं." आणि काठी न घेता जिना उतरल्या. जिन्याला मार्क नव्हते.

महिने गेले. पोस्टमननं खोलीत डोकावलं की मी हातातलं काम टाकून उठायचो. घरी वडिलांनी एकदा विचारलं, "आता कसली परीक्षा दिलीस?" मी म्हटलं, दुसऱ्याची परीक्षा घेता येते का, याची परीक्षा. ते म्हणाले, "लय शिकलास गड्या." यात कौतुक किती आणि दुसरं काय किती, हे तपासायला माझ्याकडे प्रमाणित साधन नव्हतं.

अखेर निकाल आला. मी पास झालो होतो. त्यात लिहिलं होतं त्याचा मतलब असा, की हा गृहस्थ बहुतेक सगळ्यांपेक्षा कडक आहे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच कडक आहे, म्हणून भरवशाचा आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी भरवशाचा म्हटलं, तेही कॉम्प्युटरनं. माझा कडकपणा काढून टाकून दहाही जणांचे पक्के आकडे सोबत आले होते. कडक मास्तरच्या हातचे साठ म्हणजे इतरांच्या हातचे सत्तर, असा तो हिशेब. सुभेदार वर गेले, कुपवाडचा पोरगा वर गेला. कोंडाबाई ओळीच्या चांगल्याच वर होत्या. त्या एकट्या राहू शकत होत्या. चहा प्यालो तेव्हाही राहू शकत होत्या. फक्त तसं म्हणायचा परवाना माझ्याकडे नव्हता.

मी अहवाल लिहिला. 'रुग्ण घरातील सर्व कामे सुरक्षितपणे आणि कोणाच्याही मदतीविना करू शकते.' मोठ्या डॉक्टरांनी वाचून सही केली, परदेशी प्रमाणपत्राची फ्रेम करायला सांगितली आणि ती आपल्याच केबिनमध्ये लावली. अहवाल मुंबईला गेला. मी मनातल्या मनात कोंडाबाईंना गावाकडच्या, दहिवडीच्या एसटीत बसवून टाकलं.

काही दिवसांनी दवाखान्यात तानाजीचा फोन आला. आवाज खूश होता.

"साहेब, तुमचा कागद पोचला. लय बरं झालं. मिसेसला वाचून दावला."

"मग गावाला कधी सोडताय?"

"गावाला? न्हाई न्हाई. त्येचं काय झालं, मिसेसनं शिवनाच्या कारखान्यात काम धरलंय. पोरांचे डबे, दोन टायमाचा सैपाक, पानी भरनं, सगळं आईच बघती. आमाला जरा धाकधूक व्हती, आजारी मानूस, जमंल का न्हाई. तुमी आता लिवूनच दिलंय, कुनाच्या मदतीबिगर सगळं करती. काळजी मिटली बघा."

"तानाजीराव, त्याचा अर्थ असा की त्या एकट्या राहू शकतात."

"एकटी कशाला, साहेब? आमी हाय की."

मी फोन ठेवला. टेबलावर पातेलं होतं, शेगडी होती. बाहेर दोन रुग्ण चहा करायला थांबले होते. बाई एकटी राहू शकत नाही असं मानलं होतं तोवर तिला मुंबईत ठेवली, कारण ती एकटी राहू शकत नाही. आणि आता ती सगळं करू शकते हे शास्त्रानं सिद्ध झाल्यावर तिला मुंबईतच ठेवली, कारण ती सगळं करू शकते. माझा आकडा अचूक होता. तो अचूक निघावा म्हणून मी पुण्याला गेलो, दहा माणसांचे मार्क कापले, महिने वाट पाहिली. आणि तो नेमका चुकीच्या घरात जाऊन उपयोगी पडला. मी तानाजीला दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. मोठ्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, "आपलं काम मोजायचं. पुढचं कुटुंबानं ठरवायचं." ते बरोबरच म्हणाले असावेत. तरी त्यांच्या केबिनमधली ती फ्रेम बघायला मी पुढे कधी आत गेलो नाही.

त्यानंतर कित्येक रुग्ण तपासले. सगळ्यांना पक्के मार्क दिले. कोंडाबाईंचं नाव निघायचं कारण उरलं नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक माणूस मनगट मोडून, प्लॅस्टर काढून व्यायामाला माझ्याकडे आला. मी ओळखलं नाही. त्यानंच ओळख दिली.

"सायेब, मी बापू. कोंडाकाकूला जीपमधनं आनलंवतं त्यो."

मी त्याचं मनगट हातात धरूनच विचारलं, "मावशी कशा आहेत? मुंबईतच का?"

बापू हसायला लागला. "मुंबईत? आवं, तुमास्नी कायच ठावं न्हाई व्हय? काकूचं डोस्कं फिरलंवतं न्हवं तिकडं!"

"म्हणजे?"

"म्हंजे बघा, एक दिवस च्यात मीठ टाकलं. दुसऱ्या दिशी गॅसवर नुसतंच पातेलं, आत कायच न्हाई, आनि ही आपली खिडकीत बसून गानं म्हनतीया. मग दूध उतू गेलं, कवा डबा भरायचा ऱ्हायला, कवा नळ तसाच चालू. शेजारपाजार वरडाया लागला, म्हातारी खोली पेटवून देईल म्हनून. वैनी घाबरली. काम सोडून घरात बसली, तरी हिचं चालूच. शेवटाला तानाजीनं गावाला आनून सोडली. मला म्हनला, बापू, हिच्यावर ध्यान ठेव रं, हिला आता कायच समजत न्हाई."

"आणि मग?"

"मग काय. तानाजीची एसटी वळनाआड गेली आनि काकूनं पदर खोचला, चूल पेटवली आनि आमच्या घरातल्या समद्यांच्या भाकरी थापल्या. एक करपली न्हाई. मी इचारलं, काकू, ह्ये काय गं? तर म्हनती, त्या डाक्तरानं माजा च्या तपासला, तवाच मला कळलं मानसं काय काय बघत्यात ते. मुंबईत त्येवढंच मोडून ठेवलं."

मी त्याचं मनगट तसंच धरून बसलो होतो. कोंडाबाईंनी ते सगळं एका सुरात केलं होतं. कोणाला शंका येऊ नये इतकं सारखं, रोज, आणि आग लागणार नाही इतपतच. असं जमायला माणूस किती पक्का लागतो, याचा आकडा आमच्या चाचणीत नाही. मी परवानाधारक, भरवशाचा, तरी याला किती मार्क द्यावेत ते मला ठरवता येईना.

"दुखतंय, सायेब," बापू म्हणाला.

मी हात सोडला. "एकट्याच राहतात का रे आता?"

"एकटी कशी? शेरडं हायती की."